बेलवडीचे बैल आणि दिवाळीचे किल्ले

28 फेब्रुवारी 1678 रोजी राजापूरच्या इंग्रज वखारीतून एक पत्र गेलं. शिवाजी महाराजांच्या छावणीतून आलेल्या माणसांनी सांगितलेली बातमी त्यात आहे. महाराज एका गढीला वेढा घालून बसले आहेत, मोगलांच्या आणि दख्खनच्या साऱ्या ताकदीपुढे कधी आली नाही एवढी नामुष्की तिथे वाट्याला येते आहे, आणि एवढी राज्यं जिंकणाऱ्याला एक देसाईण आवरत नाही, असा त्याचा आशय. ही गढी आपल्या बैलहोंगल भागातल्या बेलवडीची. देसाईण म्हणजे इथली वतनदारीण, मल्लम्मा. सभासदाच्या बखरीत ती सावित्री या नावाने येते. इंग्रज व्यापाऱ्यांना महाराजांची अडचण ऐकायला गोडच वाटत असणार, तेव्हा त्यांचं लिखाण जरा चाळून घ्यावं लागतं. पण वेढा लांबला, आणि एका लहानशा गढीपुढे लांबला, हे खरं.

आपल्याकडे हा प्रसंग दोन तऱ्हांनी सांगतात. मराठी घरात तो महाराजांनी शूर बाईचा मान कसा राखला, इथे संपतो. कन्नड घरात तो एका बाईने मराठी फौजेला कसं रोखलं, इथे संपतो. दोन्ही गोष्टी अभिमानाच्या आहेत आणि दोन्हींत मधला प्रश्न गळून पडतो. जिंजी घेऊन, वेल्लोरला वेढा घालून, कोप्पळ, गदग, लक्ष्मेश्वर करत पन्हाळ्याकडे परत निघालेली फौज बेलवडीत थांबलीच का? वळसा घालून पुढे गेली असती तर?

थांबली ती बैलांसाठी. मराठी बाजूच्या साधनांप्रमाणे बेलवडीकरांनी फौजेच्या सामानाचे बैल पळवले. कन्नड परंपरा दोष फौजेकडे देते, गावच्या गुराढोरांना हात लावल्याचा. कुणाचंही खरं धरा, भांडण जनावरांवरून पेटलं. सामानाचे बैल गेले की धान्य गेलं, दारूगोळा गेला, तंबू गेले. वर्षभर चालून आलेल्या, मुलखापासून लांब असलेल्या फौजेला ते परवडणारं नव्हतं. शिवाय एका देसायाने बैल नेले आणि पचवले, ही बातमी वाटेतल्या पुढच्या प्रत्येक देसायाकडे फौजेच्या आधी पोचली असती. महाराजांपुढे दोन वाईट पर्याय होते. त्यांतला एक त्यांनी निवडला, आणि त्याची किंमत त्या पत्रात दिसते.

बैलांचा हा प्रश्न मला सुचला तो गेम खेळता खेळता. मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतो. कास्टिंग कुठे अडलंय, भट्टी कधी मोकळी होतेय, कच्च्या मालाची गाडी कुठे थांबलीय, याचा दिवसभर पाठपुरावा करायचा. रात्री जेवणं झाली की कॉम्प्युटरवर स्ट्रॅटेजी गेम लावायचा. सुट्टीच्या दिवशी वाचनालयातून गॅझेटियरचे खंड, बखरी, पत्रसंग्रह आणायचे. या तिन्ही गोष्टी एकमेकींत इतक्या मिसळल्यात की कोणती कुठे संपते हे मला सांगता येत नाही. माझ्यासोबत खेळणारा सहकारी कन्नड माध्यमात शिकलेला. 'युरोपा युनिव्हर्सालिस'च्या चौथ्या आवृत्तीत खेळाची सुरुवात 1444 सालापासून होते. तो विजयनगर घेतो, मी बहमनी. त्या खेळात प्रत्येक मुलखाला किती फौज पोसता येईल याची मर्यादा असते. ती ओलांडली की लढाई न होताच माणसं मरायला लागतात. "अरे, तुझी फौज उपाशी मरायलीय, किल्ला कसला घेतोस," असं त्याने एकदा ऐकवलं, आणि बेलवडीची गोष्ट मी त्या रात्री नव्याने वाचली.

माझं म्हणणं असं आहे. आपण मुलांना इतिहास निकालांचा शिकवतो, तो निर्णयांचा शिकवायला हवा. निर्णयांचा इतिहास समजायला स्ट्रॅटेजी गेम, मग तो कॉम्प्युटरवरचा असो की पटावरचा, ही फार चांगली सुरुवात आहे. आपल्या शाळांनी, वाचनालयांनी आणि मंडळांनी त्याला टाइमपास म्हणून बाजूला सारू नये. सीमाभागाला याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. का, ते पुढे येईलच.

पानिपत 14 जानेवारी 1761 ला हरलो, एवढं प्रत्येक मुलाला पाठ असतं. पण ऑक्टोबर 1760 मध्ये अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि भाऊसाहेबांचा दिल्लीशी संबंध तुटला, तेव्हापासून छावणीतल्या माणसांचं आणि जनावरांचं पोट कसं भरायचं हा प्रश्न रोज मोठा होत गेला, हे किती जणांना ठाऊक असतं? निकाल पाठ केलेला मुलगा हळहळतो किंवा चिडतो. निर्णय समजून घेणारा मुलगा विचारतो की नदीच्या उतारांवर पहारे का नव्हते, दक्षिणेत लवकर का फिरले नाहीत, बरोबर एवढे बाजारबुणगे आणि यात्रेकरू का होते. मला हा दुसरा मुलगा हवा आहे.

फौजांना हे फार पूर्वी पटलं. प्रशियाच्या सैन्याने 1824 च्या सुमाराला अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ स्वीकारला. त्याच 1824 च्या ऑक्टोबरात इकडे कित्तूरच्या दारात धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. राणी चन्नम्माचा तो विजय आपण साजरा करतो आणि करायलाच हवा. पण डिसेंबरात कित्तूर पडलं ते का, मधल्या दीड-दोन महिन्यांत राणीपुढे कोणते मार्ग होते, शेजारच्या संस्थानिकांपैकी कोण मदतीला येऊ शकलं असतं, यावर एखाद्या वर्गात तासभर चर्चा झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

बेळगावचा किल्लाच घ्या. लहानपणी आम्ही त्याच्या खंदकाच्या कडेने सायकली पळवल्या, पण हा किल्ला इथेच का, हे कुणी सांगितलं नाही. आत कमल बस्ती आहे, 1204 च्या सुमाराची, रट्ट राजघराण्याच्या काळातली. आत सफा मशीद आहे. माणसं बघून फोटो काढून जातात. आता नकाशा उघडा. दख्खनमध्ये चांगली लढाऊ घोडी निपजत नव्हती. अरबस्तान-इराणहून ती समुद्रमार्गे येत आणि गोव्याच्या बंदरावर उतरत. ज्याच्या हाती गोवा, त्याच्या हाती घोडदळ. आणि गोव्याहून घाट चढून पठारावर आलं की पाऊल पडतं ते आपल्या बेळगाव-खानापूरच्या पट्ट्यात. बहमनी वजीर महमूद गवानने 1472 मध्ये बहमनींसाठी गोवा घेतलं. विजयनगरच्या सांगण्यावरून बेळगावच्या राजाने ते परत मिळवायचा प्रयत्न केला आणि बहमनी सुलतान स्वतः फौज घेऊन बेळगाववर आला. फारसी इतिहासकार फिरिश्त्याने या वेढ्याचं वर्णन केलंय: खोल खंदक, आणि तटाखाली दारूचे सुरुंग भरून पाडलेलं खिंडार. दख्खनमध्ये ही युक्ती तेव्हा नवीन होती. एवढं डोक्यात ठेवून खंदकाकडे पाहिलं की तो वेगळा दिसतो.

त्यापेक्षाही मला 1818 चा वेढा शिकवण्याजोगा वाटतो. पेशवाईच्या शेवटच्या युद्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या थॉमस मन्रोकडे कवायती पलटण अगदी थोडी होती. त्याने काय केलं? आधी गावं हातात घेतली. स्थानिक शिबंदी, म्हणजे तात्पुरती भरती केलेली फौज, उभी केली, तिला मुलखात पसरवलं, आणि पेशव्यांच्या अंमलदारांऐवजी आपल्या माणसांकरवी सारा गोळा करायला सुरुवात केली. रयत वसुलीने गांजलेली होती, तिने फारसा विरोध केला नाही. बदामी, बागलकोट पडलं. 20 मार्चला बेळगावला वेढा बसला आणि 10 एप्रिलला किल्ला त्याच्या ताब्यात गेला. तटाला खिंडार तोफांनी पाडलं असेल, पण किल्ल्यापाठचा मुलूख आधीच गेला होता. आपण हरलो ते शौर्य कमी पडलं म्हणून की रयत आपल्या राजवटीवर जीव टाकेनाशी झाली म्हणून? हा प्रश्न टोचतो. अभिमान वाटतो त्या इतिहासाला तो विचारायची सवय मुलांना लागली पाहिजे.

आता खेळांची दुसरी बाजू, कारण मी त्यांची जाहिरात करायला बसलेलो नाही. हे खेळ मोठ्या ठिकाणी खोटं बोलतात. बहुतेक सगळे खेळ मुलूख बळकावण्याचं बक्षीस देतात. नकाशावर आपला रंग पसरला की गुण वाढतात. 2009 च्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये मराठा सत्ता घेऊन सगळा हिंदुस्थान रंगवता येतो, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला त्याची धुंदी चढते, हे मी पाहिलंय. रयत त्यात आकडा असते. जाळलेलं गाव चार फेऱ्यांत पूर्ववत होतं. बाई, बलुतेदार, बाजार यांचा पत्ता नसतो.

म्हणून खेळापाशी थांबता येत नाही, कागदाकडे यावं लागतं. 1673-74 च्या सुमाराला चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना महाराजांच्या नावे गेलेलं पत्र मी प्रत्येक खेळणाऱ्या मुलाच्या हातात ठेवीन. पावसाळ्याची बेगमी म्हणून ठेवलेला दाणागोटा आणि गवत आताच उधळलं, तर पुढे घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, आणि लोकांना तुमच्यापेक्षा मोगल बरा वाटू लागेल, अशी त्यात सक्त ताकीद आहे. रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथवर ते पत्र उतरतं. हे वाचलं की खेळातला पुरवठ्याचा आकडा जिवंत होतो. उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार करणारा राजा मला कोणत्याही पुतळ्याहून मोठा वाटतो. बेळगावजवळच्या राजहंसगडावर महाराजांचा पुतळा उभा राहिला याचा मला आनंद आहे. त्या गडावरून चारी दिशांना काय दिसतं आणि पूर्वी कशावर नजर ठेवली जायची, हे सांगणारा एखादा नकाशाही तिथे असावा असं वाटतं.

रंग पसरवण्याची ही सवय सीमाभागात जास्त घातक आहे. 1956 मध्ये राज्य पुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, चंदगड तालुका मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात राहिला. सीमाप्रश्नावर महाजन आयोग आला, 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. मराठी शाळा आणि मराठीतून कागदपत्रं यांच्या हक्काबाबत मी तसूभर मागे हटणार नाही. पण तो हक्क आज इथे राहणाऱ्या माणसांचा आहे, त्यांच्या भाषेचा आणि घटनेचा आहे. त्यासाठी सतराव्या शतकातल्या गढ्यांना साक्षीला ओढायची गरज नाही. ओढलं की दोन्ही बाजू जुना नकाशा एकाच रंगात रंगवू बघतात, आणि जुना मुलूख तसा नव्हताच. इथले देसाई एका वर्षी विजापूरला वसूल पोचवत, पुढच्या वर्षी मराठ्यांना चौथाई देत, कधी एकाच वर्षी दोघांना. किल्ल्यातले शिलालेख कन्नड, मराठी अंमलातले हिशेब मोडीत, सुलतानी फर्मानं फारसीत. सरहद्द म्हणजे एक रेघ नसून पंचवीस-तीस कोसांचा पट्टा होता. ज्याची शिबंदी जवळ त्याची सत्ता, पाऊस लागला की कुणाचीच नाही. कणकुंबीला कोसळणारा पाऊस आणि अथणीकडचा कोरडा मुलूख एकाच जिल्ह्यात आहेत. फौजांनी कोणत्या महिन्यात कुठे मुक्काम करायचा हे भाषेपेक्षा त्याने ठरवलं.

आता हे करायचं कुठे? आपल्याकडे त्याची जागा आधीपासून आहे. दिवाळीत किल्ले सगळीकडे होतात, पण बेळगावात होतात तसे क्वचितच. गल्लीगल्लीत पोरं सहामाही परीक्षा संपायची वाट बघतात. दगड-विटांचा ढीग, त्यावर गोणपाट, वर लाल मातीचा लेप, मग अळीव किंवा नाचणी पेरून हिरवळ, आणि वर मातीचे मावळे. मोठी मंडळं तर रायगड, प्रतापगड, पन्हाळा यांच्या हुबेहूब प्रतिकृती उभ्या करतात. रात्री उशिरापर्यंत माणसं बघायला फिरतात, स्पर्धा होतात, बक्षिसं मिळतात. परीक्षक बघतात ती सजावट, लाइट, कारंजं.

परीक्षकांनी पोरांना फक्त तीन गोष्टी विचाराव्यात. पाणी कुठे आहे? धान्य कुठे आहे? शत्रू कोणत्या वाटेने येईल आणि तुम्हाला तो कधी दिसेल? रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी बघा असं बजावलंय. एका झऱ्यावर विसंबू नका, झुंजीच्या वेळी तोफांच्या आवाजाने झरे आटतात, म्हणून साठवणीची टाकी बांधा, अशी ताकीद आहे. झरा खरंच आवाजाने आटतो का हे बाजूला ठेवू. दुसरी सोय हवी हा विचार बघा. ज्या पोराने आपल्या मातीच्या किल्ल्यात कारंज्याऐवजी टाकं खोदलं, आणि ते बालेकिल्ल्याजवळ का खोदलं हे सांगितलं, त्याला पहिलं बक्षीस द्या. आणि दरवर्षी रायगडच कशाला? खानापूरच्या जंगलातला भीमगड करा, चंदगडचा पारगड करा, महिपाळगड करा. गोव्याकडच्या वाटांवर नजर ठेवणारे हे गड आपल्या दारात आहेत आणि त्यांची प्रतिकृती करायची तर आधी जाऊन चढावे लागतात.

दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, पोरं आधीच मोबाइलमध्ये बुडालीत, त्यात हे आणखी कशाला? काळजी खरी आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी घरं उद्ध्वस्त केली, आणि 2025 मध्ये केंद्राने त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा केला तो योग्यच होता. पण एका चालीसाठी दहा मिनिटं विचार करायला लावणारा खेळ आणि बोट फिरवत राहायला लावणारा खेळ यांत फरक आहे. शिवाय यासाठी कॉम्प्युटर लागतोच असं कुठे आहे? मोठ्या कार्डशीटवर जिल्ह्याचा नकाशा काढा, घाट आणि नद्या दाखवा, फौजेसाठी चिंचोके, बैलांसाठी वाल घ्या. महिना बदलला की पाऊस. जून लागला की घाट बंद. शिक्षकाने एका सुट्टीत बसून नियम लिहिले तर पुढची दहा वर्षं तो खेळ वापरता येईल. वाघबकरीचे पट आपल्या जुन्या देवळांच्या फरशीवर कोरलेले सापडतात. पट मांडून डाव टाकणं इथल्या मातीला नवीन नाही.

दुसरा आक्षेप जड आहे: युद्धाचा खेळ केला की युद्ध हलकं वाटू लागतं. मलाही ही भीती वाटते. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या या गावात अनेक घरांत फोटोला हार आहे. तिथे हे बोलताना जपून बोलावं लागतं. माझा अनुभव मात्र उलटा आहे. नुसत्या घोषणा ऐकलेल्याला युद्ध सोपं वाटतं. ज्याने नकाशावर का होईना पण दाणा संपलेली फौज मागे वळवली, मित्र म्हणवणाऱ्या देसायाला ऐन वेळी बाजू बदलताना पाहिलं, तो घोषणा देताना थोडा थांबतो. यात एक अट मी घालीन: प्रत्येकाने दोन्ही बाजूंनी खेळायचं. मराठी शाळेतल्या मुलाने एकदा मल्लम्माची गढी लढवायची, कन्नड शाळेतल्या मुलाने एकदा महाराजांचे बैल सोडवायचे.

शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आपली शान आहे. रात्रभर जागून ती बघणाऱ्यांत मीही असतो. पण तिच्यातले देखावे वर्षानुवर्षं ठरलेले आहेत: अफझलखानाचा वध, आग्र्याहून सुटका, तानाजी, राज्याभिषेक. चिपळूणचं पत्र अजून कुठल्या ट्रॅक्टरवर चढलेलं नाही. गवताची गंजी, पेटती वात, अंमलदारांपुढे वाचला जाणारा कागद, एवढा साधा देखावा आहे तो.

आणि वाचनालयं. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 सालचं. कडोली, उचगाव, येळ्ळूरसारखी गावं स्वतःच्या हिमतीवर साहित्य संमेलनं भरवतात. वाचणारा समाज आहे हा. अशा प्रत्येक ठिकाणी एक टेबल, त्यावर जिल्ह्याचा घाटवाटांसकट मोठा नकाशा, शेजारी गॅझेटियर, आज्ञापत्र, महाराजांची पत्रं, कित्तूरवरची कन्नड पुस्तकं आणि ती वाचून दाखवणारं कुणीतरी, आणि रविवारी सकाळी मोडीचा वर्ग. पेशवेकाळातले आपल्या भागाचे कागद वाचणारी पिढी सत्तरी ओलांडून गेली आहे. तिच्याकडून शिकायला फार वर्षं उरलेली नाहीत. या सगळ्याचा खर्च एका चित्ररथाच्या लाइटिंगमध्ये निघेल. मंडळांनी या वर्षी ते पैसे वेगळे काढावेत, आणि मोडीचा वर्ग दिवाळीच्या आधी सुरू करावा.